नाइस १९ लावलं तरी ब्राउझर अडकतो

प्रश्न : दादा, चोपड्याला माझा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे, सगळं काम लिनक्सवर. लग्नाचा व्हिडिओ टर्मिनलमधून एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रामने रेंडरला (अंतिम फाइल बनवायला) लावला आणि तेवढ्यात काउंटरवर कोणी फॉर्म भरायला आलं की ब्राउझर रांगायला लागतो. नाइस १९ लावून पाहिलं, म्हणजे सीपीयूच्या रांगेत रेंडरला सगळ्यात मागे ठेवलं, काहीच फरक नाही. मित्र म्हणतो कर्नल (लिनक्सचा गाभा) आपोआप बघतो, तू हात लावू नको. खरं काय?

उत्तर : भाऊ, तुमचं नाइस वाया गेलं त्याला कारण आहे, आणि ते समजायला जरा मागे जावं लागेल.

कर्नलमधला शेड्युलर सीपीयूचा वेळ वाटतो. आधी तो एकेक थ्रेड (प्रोग्रामच्या कामाचा एकेक धागा) मोजायचा, म्हणजे सीपीयूच्या एका कोअरवर रेंडरचे १६ थ्रेड आणि ब्राउझरचा १ असला तर ब्राउझरच्या वाट्याला १७ वा हिस्सा. २०१० च्या शेवटी माइक गालब्रेथ या कर्नल डेव्हलपरने साधारण २०० ओळींचा पॅच (कोडमधला बदल) आणला, थ्रेड नाही तर गट मोजायचा, एका टर्मिनलमधून चालू झालेलं सगळं काम म्हणजे एक गट, मग तेच वाटप निम्मं-निम्मं होतं. आपल्याकडे पांझरा नदीच्या फड बागायतीत पाणी फडागणिक (शेतांच्या गटागणिक) सुटतं, फडात माणसं किती हे पाणी सोडणारा पाटकरी बघत नाही, तसंच. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सला पॅच फार आवडला. सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) लिहिणाऱ्या लेनार्ट पोटरिंगचं म्हणणं वेगळं, हे तर युजर-स्पेसमधून, म्हणजे कर्नलच्या बाहेरून, बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंग फाइलीत चार ओळी टाकून होतं, गट पाडायची सोय म्हणजे सीग्रुप कर्नलमध्ये आहेतच की. टोरवाल्ड्सचा मुद्दा असा की साध्या युजरला काही सेट करायलाच लागू नये. शेवटी २०११ मध्ये २.६.३८ कर्नलात हाच पॅच ऑटोग्रुप या नावाने आला, आणि पुढे सिस्टमडीने युजर-स्पेसमधून गट पाडायला घेतले, म्हणजे दोन्ही रस्ते चालू राहिले.

आता तुमची अडचण. नाइस हे गटाच्या आतलं वाटप ठरवतं. तुमचं रेंडर टर्मिनलच्या गटात एकटंच बसलंय, तिथे १९ लावा नाहीतर ० ठेवा, गटाचा हिस्सा तेवढाच राहतो. म्हणून मित्राचं अर्धंच बरोबर, कर्नल वाटणी सारखी करतो पण काउंटरवर गिऱ्हाईक उभंय हे त्याला कुठून कळणार, ते तुम्हीच सांगायचं. माझं मत विचाराल तर वाटायचं काम कर्नलचं आणि कोणाला किती हे सांगायचं काम युजर-स्पेसचं.

रेंडरची कमांड नुसती न देता सिस्टमडीच्या सिस्टमडी-रन कमांडने चालवा, युजर आणि स्कोप हे दोन ऑप्शन देऊन, म्हणजे रेंडरचा वेगळा गट पडेल, आणि सीपीयू-वेट, म्हणजे त्या गटाचं वजन, २० ठेवा. न सांगता ते १०० असतं. रिकाम्या वेळी रेंडर पूर्ण वेगानेच चालेल, ब्राउझरने सीपीयू मागितला की तेवढ्यापुरतं मागे सरेल.

आणि हे करूनही अडकलंच तर रेंडर चालू असताना टॉप ही कमांड उघडून स्वॅपचा (रॅम भरल्यावर डिस्कवर टाकलेल्या भागाचा) आकडा बघा, तो चढत असेल तर दुखणं रॅमचं आहे, शेड्युलरचं नाही.