जुने खटले वाचून पोट भरतं का?

प्रश्न: मुलगी यंदा इतिहास घेऊन बी.ए. झाली. आता एलएल.बी. करायचं म्हणते, पण ओढ सगळी कायद्याच्या इतिहासाची. जुने खटले वाचून पोट भरतं का? – एक वडील, बार्शी

उत्तर: नमस्कार.

तुमची काळजी रास्त आहे. 'कायद्याचा इतिहासकार पाहिजे' अशी जाहिरात तुम्हाला कुठे दिसणार नाही. विधी महाविद्यालयात शिकवता येतं, पण त्यासाठी एलएल.एम. आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा लागते. तरीही तिची ही ओढ मोडू नका. का, ते एका खटल्यावरून सांगते.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या, नांदायला गेल्याच नाहीत. 1884 मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला: बायकोला नांदायला पाठवा. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. आणि कशाच्या आधारावर? इतिहासाच्या! असे दावे इंग्लंडमध्ये तिथल्या विशिष्ट परिस्थितीत सुरू झाले, तिथून ते हिंदुस्थानात आणून लावले गेले, हिंदू कायद्यात त्यांना पाया नाही, असं त्यांनी निकालात म्हटलं. अपिलात हा निकाल फिरला. मार्च 1887 मध्ये हुकूम निघाला: महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी 1888 मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. पुढे त्या इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले.

हे सगळं जुनं झालं असं वाटेल. पण हाच दावा आज हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 9 मध्ये जसाच्या तसा बसलेला आहे. आता कैद होत नाही, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. कौटुंबिक न्यायालयात वकिली करणाऱ्या कोणालाही विचारा, बायकोने पोटगी मागितली की नवऱ्याकडून कलम 9 चा अर्ज येणं त्यांना नवीन नसतं. 1983 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते वैध ठरवलं, आणि हा हक्क विवाहसंस्थेतच अंगभूत आहे असं म्हटलं. म्हणजे वाद पुन्हा तोच: हा हक्क आला कुठून? ज्या इंग्लंडकडून आपण हा दावा घेतला, त्यांनी तो 1970 च्या कायद्याने रद्द केला. आणि 2019 मध्ये कलम 9 ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं ते गांधीनगरच्या विधी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी. तुमच्या मुलीच्याच वयाची मुलं ती.

म्हणून माझं मत असं: नुसतं इतिहासात एम.ए. नको. सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. करू द्या, इतिहास तिच्या हाताशी राहीलच. पुढे वकिली, संशोधन, अध्यापन, सगळे रस्ते उघडे राहतात. न्यायाधीश व्हायचं असेल, तर तीन वर्षं वकिलीची अट मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आणली आहे, तेव्हा तेवढा वेळ धरून चाला. वकिलीची सुरुवातीची दोन-तीन वर्षं कमाई बेताचीच असते. त्या काळात घरून थोडा हातभार लागेल, त्याची तयारी आत्ताच ठेवा.

फॉर्म भरण्याआधी तिला एक काम सांगा. रखमाबाई खटल्याचे 1885 आणि 1886 चे दोन्ही निकाल 'इंडियन लॉ रिपोर्ट्स'च्या मुंबई मालिकेत, नवव्या आणि दहाव्या खंडात आहेत. ते शोधून वाचायचे आणि पिन्हींचा निकाल अपिलात का टिकला नाही, ते एका पानात मराठीत लिहायचं. इंग्रजी जुनं आहे, चार-पाच दिवस लागतील. ते पान तुम्ही आधी वाचा, मग मला पाठवा.