फ्लॅट पन्नास टक्के, पण खांदा कोणाचा?

जानेवारी लागला की या पानावर कपड्याचे प्रश्न वाढते, कारण कापूस बऱ्यापैकी विकून झालेला असतो अन् लग्नसराई समोर दिसून राहिली असते. मी बारा वर्षं अमरावतीत कापड दुकानाच्या काउंटरवर उभा होतो म्हणून ही पत्रं माझ्याकडेच सरकवतात.

प्रश्न: दादा नमस्कार. लहान भावाचं लग्न हाय एप्रिलमधी, घरात आम्ही चार माणसं. टेलर म्हणते ब्लेझरची शिलाईच तीन हजाराच्या वर जाईल, कापड वेगळं. अमरावतीच्या मॉलमधी ५० + २० टक्के लिहून हाय, म्हणजे ७० टक्के सूट झाली नं? आता घेऊन ठेवू की लग्नाच्या महिन्यात? (एक वाचक, दर्यापूर तालुका)

उत्तर: आताच घ्या भाऊ, पण ते ७० नाही, ६० आहे. दोन हजाराचा शर्ट आधी हजारावर येते, मग त्या हजाराचे वीस टक्के म्हणजे दोनशे जाते, तुमच्या हाती आठशेला पडते. अन् पाटीवर पन्नासच्या आधी बारीक अक्षरात "अपटू" लिहिलंय का ते पाहा, तसं असेल तर पन्नास टक्केवाला रॅक कोपऱ्यात एकच असते अन् बाकी सगळा माल वीस टक्क्यात.

आता घ्यायचं कारण असं की डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत दुकानदाराला उन्हाळी माल लावायला जागा मोकळी करायची असते, मग ब्लेझर, फुल बाहीचे गडद शर्ट, जाड पॅन्टा हे सगळं तो काढून टाकते. तोच ब्लेझर लग्नाच्या गर्दीत त्याला सूट देऊन विकायची काही गरजच राहत नाही.

साइजचा घोळ आधी समजून घ्या. ब्रँडेड फॉर्मल शर्टावर जो ३९, ४०, ४२ आकडा असते तो छातीचा नाही, कॉलरचा आहे, तोही सेंटिमीटरमध्ये. माझ्या काउंटरवर रोज कोणी ना कोणी छाती ठोकून सांगायचा की मी छत्तीसचा अन् मग भांडायचा. चालणारे साइज पहिल्या आठवड्यात उडते, शेवटी ३८ अन् ४६ उरते, म्हणून शेवटल्या दिवसाची वाट पाहू नका. रविवारी पण जाऊ नका, ट्रायल रूमच्या लाइनीतच दिवस जाईल, मंगळवार-बुधवार सकाळी जा.

ब्लेझरमध्ये फक्त खांदा पाहा. खांद्याची शिलाई बरोबर हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. बाही कमी करता येते, कंबर आत घेता येते, पण खांदा मोठा निघाला तर सगळं उघडावं लागते अन् टेलर सेलमधली सगळी बचत घेऊन टाकते. बटण लावा अन् दोन्ही हात समोर उचला, म्हणजे नवरीला हार घालून राहिलो असं समजा, पाठीत खेचलं तर ठेवून द्या. सेलमधल्या ब्लेझरच्या छातीत कापड अन् अस्तराच्या मधात जो कडक थर असते तो बहुतेक शिवलेला नसते, चिकटवलेला असते, त्याला हरकत नाही, पण तो पाण्यात बुडवायचा नाही, ड्रायक्लीनलाच द्यायचा. माझ्या साळ्याच्या लग्नातला ब्लेझर आमच्या सौ.नं मायेनं बादलीत भिजवला, वाळल्यावर छातीवर पुरीसारखे फुगे आले, इस्त्री करून करून थकलो, एकही बसला नाही.

नवरदेवाचं मात्र टेलरकडूनच शिवा. एप्रिलपर्यंत केळवणं खाऊन खाऊन त्याचं पोट कुठं जाईल सांगता येत नाही, टेलर आत माया ठेवते, म्हणजे नंतर सैल करायला शिलाईत जास्तीचं कापड, रेडीमेडमध्ये ती बोटभरही नसते. अन् जाताना वहिनीले सोबत न्या, तिची नजर शिलाईवर बरोबर जाते, शिवाय एसटीत मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, बारमाही चालणारा फ्लॅट पन्नास टक्के तोच एक.

प्रश्न: आमच्याकडे शेतातली लाइन रात्री येते, हे गव्हाले पाणी द्यायले बारा-एकले जाते. पोरगा म्हणते सेलमधलं फुगीर जॅकेट घेऊ बाबासाठी. मी म्हणते तिबेटी लोकायचं स्वेटर बरं. कोण बरोबर? (एक ताई, घाटंजी)

उत्तर: ताई, तुम्ही, पण अर्ध्याच. जॅकेट वारा अडवते हे खरं, एसटीत, बाजारात एक नंबर. पण त्याचं वरचं कापड नायलॉन नाहीतर पॉलिएस्टर, बांधावर शेकोटी पेटवली अन् एक ठिणगी उडाली की वितळून भोक, मग बोरी-बाभळीच्या काट्यानं उरलेलं काम होते, आतलं पांढरं बाहेर. खरी लोकर ठिणगीनं वितळत नाही, काळी पडून झडते.

मात्र तिबेटी दुकानातलं प्रत्येक स्वेटर लोकरीचं असते असं नाही बरं. ही मंडळी १९७२ पासून आपल्याच गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला वसलेली आहे, पण स्वेटर तिथं विणत नाही, मुख्यतः लुधियानाहून माल आणते. आतली चिठ्ठी वाचा, १०० टक्के ॲक्रेलिक असेल तर तेही वितळणारच. लोकर मिक्स सापडलं तर घ्या, संक्रांतीनंतर परतायची वेळ झाली की भावही थोडा नरमते. वरून जुना जाड सुती शर्ट अन् घोंगडं. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर गेला होता, अशा रात्री एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ एकावर एक जास्त कामाचे.

प्रश्न: सेलमधून शर्ट घेतला, सूट कापली अन् वरून जीएसटी लावला. घरी आल्यावर बगलेत उसवलेला निघाला, तर म्हणते सेलचा माल परत नाही. (चिमूर)

उत्तर: दोन्ही चूक त्यांच्याच. एमआरपीत सगळे टॅक्स आलेले असतात, अन् सूट दिलेल्या एमआरपीवर वेगळा टॅक्स लावू नये हे राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०१७ मध्येच सांगितलंय, तेव्हा तो व्हॅट होता, मुद्दा तोच. खराब माल परत घ्यायला नकार देणं हे २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापार प्रथेत येते, बिलावर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवस. रंग आवडला नाही, साइज चुकली, यासाठी हे चालत नाही हे पण ध्यानात ठेवा.

टॅगवर नख मारून पाहायची सवय लावा. मी एकदा २४९९ चं स्टिकर उचकटलं तर खाली १७९९ निघाले, मग सूट कशाची! भाव कमी केल्याचं स्टिकर लावता येते, तेही छापील एमआरपी न झाकता, वाढवल्याचं लावताच येत नाही. आधी बिल अन् उसवलेल्या जागेचा फोटो घेऊन मॅनेजरला भेटा, ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावा, मराठीतून बोला.