वाचक विचारतात : टाकी धुतली तरी पाणी दुधाळच

प्रश्न : दोन फुटी फिश टँकमध्ये चार गोल्डफिश आहेत. पाणी खराब दिसलं की मासे बादलीत काढून टाकी, खडे, फिल्टरचा स्पंज सगळं नळाखाली घासून धुतो. दोन दिवस पाणी लखलखीत, तिसऱ्या दिवशी पुन्हा दुधाळ. काय चुकतंय?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : धुणंच चुकतंय. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सुटतो. तो पचवणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते खड्यांवर आणि स्पंजमध्ये चिकटून वाढतात. बेळगावला राकसकोप आणि हिडकलचं पाणी क्लोरीन घालूनच सुटतं. त्या पाण्याखाली स्पंज पिळला की हे जिवाणू मरतात. मग उरलेल्या खाण्यावर आणि विष्ठेवर दुसरेच जिवाणू पाण्यात भराभर वाढतात. तुम्हाला दिसतो तो दुधाळपणा त्यांचाच. दर धुण्याला हे चक्र पहिल्यापासून सुरू होतं.

आता टाकी रिकामी करू नका. तुमच्या टाकीत साधारण 45 ते 50 लिटर पाणी मावत असेल. त्यातलं 10 लिटर एक दिवसाआड बदला. नवीन पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवा. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळणारे हायपोचे खडे वापरा : 10 ग्रॅम खडे 100 मिली पाण्यात विरघळवून ठेवायचे आणि दर 10 लिटरला त्यातलं 1 मिली घालायचं. स्पंज काळा झालाच, तर टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा हलका पिळा. एअर पंप रात्रीही चालू हवा, कारण हे जिवाणू ऑक्सिजन खातात. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर वाट न पाहता 20 लिटर बदला.

दोन दिवस खाणं बंद ठेवा. मोठ्या गोल्डफिशना त्याने काही होत नाही. नंतर दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दुधाळपणा आठवड्याभरात ओसरतो, पण चांगले जिवाणू पुरते बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी स्वच्छ दिसलं तरी बदलणं सोडू नका. पाणी ‘साफ’ करायला म्हणून मिळणारं निळं औषध मात्र घालू नका, त्याने याच जिवाणूंना इजा होते.

आणि स्पष्टच सांगायला हवं : दोन फुटी टाकीत चार गोल्डफिश फार झाले. दोन कुणाला तरी मोठ्या टाकीसाठी द्या, नाहीतर ही तक्रार परत परत येईल.

प्रश्न : पावसाळ्यात नळाला तांबूस पाणी येतं. तुरटी फिरवून टाकीत भरलं तर चालेल का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : पिण्याच्या घागरीची सवय टाकीला लावू नका. तुरटीने माती खाली बसते खरी, पण पाण्यातला क्षारपणा खर्ची पडून पाणी आम्लाकडे झुकतं. पावसाचं पाणी आधीच मऊ, त्यामुळे ही घसरण पटकन होते. आम्ल पाण्यात तुरटीतलं ॲल्युमिनियम माशांचे कल्ले जाळतं.

पाणी ड्रममध्ये एक-दोन दिवस न हलवता ठेवा आणि वरचं पाणी नळीने ओढून घ्या, तळाचे चार बोटं सोडून. तरीही धूसर असेल तर फिल्टरमध्ये मत्स्यालयाच्या दुकानातला पांढरा कृत्रिम कापूस घाला आणि चिखल धरला की फेकून द्या. औषधाच्या दुकानातला कापूस नको, तो कुजतो.

माती की जिवाणू, याची शंका असेल तर काचेच्या ग्लासात पाणी रात्रभर ठेवा. तळाला थर बसला तर माती. मात्र अगदी बारीक चिकणमाती एका रात्रीत बसत नाही.

प्रश्न : पाणी हिरवं का होतं?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ते शेवाळ. टाकी खिडकीच्या उन्हातून हलवा, दिवा 6 ते 7 तासच लावा. जास्त हिरवं असेल तर तीन दिवस काळ्या कापडाने झाका, हवा चालू ठेवा, खाणं देऊ नका. कापड काढल्यावर एक तृतीयांश पाणी बदला, कारण मेलेलं शेवाळ कुजून पुन्हा अमोनिया सोडतं.