चढावरचा कन्व्हेयर माल वर नेत नाही. उरलेली रक्कम अडवता येईल का?

प्रश्न: आमच्या कारखान्यात ओलसर दाणेदार माल ४५ अंशांच्या चढावरून हॉपरमध्ये नेण्यासाठी आम्ही पट्ट्याचा कन्व्हेयर बसवून घेतला. निम्मा माल मागे घसरतो आणि बराचसा आडपट्ट्यांना (माल घसरू नये म्हणून पट्ट्यावर आडव्या बसवलेल्या उभ्या कडांना) चिकटून पट्ट्याबरोबर खाली येतो. यंत्र ऑर्डरप्रमाणेच आहे, असे सांगून पुरवठादाराने उरलेल्या रकमेसाठी नोटीस पाठवली आहे. यंत्र परत करता येईल का?

उत्तर: ऑर्डर देताना आपण पुरवठादाराला काय कळवले होते, यावर आपले प्रकरण उभे राहील किंवा पडेल. खरेदीदाराने आपला विशिष्ट उद्देश विक्रेत्याला कळवून त्याच्या कौशल्यावर भिस्त ठेवली असेल आणि तसा माल पुरवणे हाच विक्रेत्याचा व्यवसाय असेल, तर माल त्या उद्देशास योग्य असावा ही अट मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार, करारात लिहिलेली नसली तरी, गृहीत धरली जाते. साधा सपाट पट्टा सुटा माल साधारण वीस अंशांपर्यंतच चढवू शकतो आणि त्यापुढे आडपट्ट्यांची उंची व अंतर मालानुसार ठरवावे लागते, हे जाणणे पुरवठादाराचे काम. मात्र मालात ओलावा किती, हे सांगणे आपले. आपण कोरडा नमुना पाठवला असेल किंवा आडपट्ट्यांची मापे आपल्याच ड्रॉइंगमध्ये दिली असतील, तर आपली बाजू लंगडी पडते. उद्देशयोग्यतेची जबाबदारी नाकारणारे कलम कोटेशनमागील बारीक अक्षरांत आहे का, तेही तपासावे.

चाचणीच्या अहवालावर सही केली म्हणून सारे संपले, असे नाही. रिकामा पट्टा फिरवून घेतलेली चाचणी म्हणजे तपासणीची वाजवी संधी नव्हे, असे कलम ४१ च्या आधारे म्हणता येईल. परंतु तक्रार न करता आपण कित्येक महिने त्यावर उत्पादन घेतले असेल, तर माल स्वीकारला असे धरले जाईल. मग यंत्र परत करण्याचा हक्क सहसा उरत नाही आणि कलम ५९ प्रमाणे नुकसानीइतकी किंमत कमी करून मागणे एवढाच मार्ग राहतो. म्हणून सगळी रक्कम सरसकट अडवू नये.

पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असल्यास अधिक सावध राहावे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत नोंदवली नसेल, तर स्वीकृती मानली जाते, आणि ठरलेल्या मुदतीत, जी ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही, रक्कम न दिल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. फोनवरच्या तक्रारींना येथे किंमत नाही.

नोटिशीला वकिलामार्फत लेखी उत्तर द्यावे, त्यात प्रत्यक्ष ओल्या मालासह संयुक्त चाचणीची मागणी करावी आणि तोवर यंत्रात वेल्डिंग किंवा फेरबदल करू नयेत. अन्यथा दोष आपल्याच दुरुस्तीमुळे आला, असा बचाव पुरवठादाराला मिळेल. अडकलेला माल कामगार चालत्या पट्ट्यावर हाताने ढकलत असतील, तर ते आजच थांबवावे, कारण अपघात झाल्यास कारखानदार म्हणून जबाबदारी आपल्यावर येईल.