कॅल्शिअमचे दार : वाचकांच्या शंका

प्रश्न : कॅल्शिअमच कॅल्शिअमचा साठा उघडते म्हणे. मग एकदा सुरुवात झाली की साठा रिकामा होईपर्यंत थांबायलाच नको!

उत्तर : शंका रास्त आहे. पेशीद्रवात मोकळे कॅल्शिअम जेमतेम १०० नॅनोमोलर (मात्रेचे अतिसूक्ष्म एकक) असते, आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात, त्याच्या हजारो पट. हाच तो साठा. जालिकेच्या पडद्यात कॅल्शिअम बाहेर सोडणारी प्रथिनांची दारे, म्हणजे चॅनल, मुख्यतः दोन प्रकारचे असतात : आयपी-३ रिसेप्टर आणि रायनोडीन रिसेप्टर. पहिल्याला उघडायला आयपी-३ हा पेशीतला संदेशवाहक रेणू लागतो आणि थोडे कॅल्शिअमही. पण तेच कॅल्शिअम फार वाढले की तो मिटतो. १९९१ मध्ये मोजमाप झाले तेव्हा हा आलेख घंटेच्या आकाराचा निघाला. कित्येक पेशींत कॅल्शिअम लाटांसारखे चढते-उतरते, त्यामागे हे एक कारण आहे.

हृदयातला रायनोडीन रिसेप्टर जास्त हट्टी. पेशीद्रवातल्या कॅल्शिअमने तो बंद व्हायचा तर मात्रा मिलिमोलरमध्ये (नॅनोमोलरच्या दहा लाख पट एकक) जावी लागते. त्यामुळे मला पटते ते असे, की खरा ब्रेक साठ्याकडूनच लागतो : साठा उतरला की प्रवाह मंदावतो आणि शेजारच्या चॅनलला चेतवण्याइतके कॅल्शिअम उरत नाही. एटीपी हा पेशीचा ऊर्जारेणू या रिसेप्टरला उघडायला मदत करतो, तर मॅग्नेशिअम आवरते. साठ्यातले कॅल्सिक्वेस्ट्रिन हे प्रथिन कॅल्शिअम धरून ठेवते. त्यात किंवा खुद्द चॅनलमध्ये जनुकीय दोष असेल तर व्यायाम वा भावनिक ताणात हृदयाची लय धोकादायकरीत्या बिघडू शकते.

प्रश्न : हातापायांच्या स्नायूंतही असेच घडते का?

उत्तर : नाही. तिथे पेशीपटलातला विद्युतसंवेदी चॅनल रायनोडीन रिसेप्टरला थेट खेचून उघडतो, बाहेरचे कॅल्शिअम आत यायची वाट पाहत नाही. हृदयात मात्र ते यावेच लागते.

प्रश्न : कॅफीनने हे चॅनल उघडतात. कॉफीनेही उघडत असतील?

उत्तर : प्रयोगशाळेत कॅफीन मिलिमोलर मात्रेत देतात, कॉफी पिऊन रक्तात येते ते साधारण त्याच्या शंभराव्या भागाइतके. तरतरी येते ती मेंदूत झोप आणणाऱ्या अ‍ॅडेनोसिनचे रिसेप्टर अडल्यामुळे.

प्रश्न : भूल दिल्यावर भावाचा ताप झपाट्याने चढला, अंग ताठरले. डॉक्टर म्हणाले, कॅल्शिअम चॅनलचा दोष. मला धोका आहे का?

उत्तर : असू शकतो. वर्णन मॅलिग्नंट हायपरथर्मियाचे, म्हणजे भुलीने उद्भवणाऱ्या घातक तापाचे वाटते. त्यात बहुधा स्नायूंतल्या रायनोडीन रिसेप्टरच्या जनुकात बदल असतो. सेव्होफ्लुरेनसारखे भुलीचे वायू किंवा स्नायू सैल करणारे सक्सिनिलकोलीन दिले की चॅनल उघडेच राहतात. त्यावर डँट्रोलीन हे औषध आहे. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना हे सांगाच आणि जनुकीय तपासणीबद्दल विचारा. पूर्वी भूल घेऊन काही झाले नव्हते, एवढ्यावर निर्धास्त राहू नका.