दोघं मिळून बाहेर जेवायला सुरुवात करताय? मग एवढंच बघा

आत्ताच सुरुवात करताय ना, मग हॉटेलांच्या लांबलचक याद्या करत बसू नका. नवीन जोडप्यांची नेहमीची चूक म्हणजे दोघंही एकच डिश मागवतात. वेगवेगळं मागवा, मधे ठेवा, दोघांनी खा, आणि सुरुवातीला कमीच मागवा, लागलं तर परत सांगता येतं.

प्रवासात मात्र भूक लागल्यावर हॉटेल शोधायला निघू नका! पोटात कावळे ओरडत असताना दोघांचं एकमत होत नाही, भांडणं तिथेच होतात, म्हणून आधीच एक-दोन जागा हेरून ठेवा आणि शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात ते फोन करून विचारा, कारण किचन बऱ्याचदा हॉटेलच्या आधी बंद होतं.

- मेनू छोटा आणि तिथल्याच लोकांची गर्दी असेल तर बिनधास्त शिरा, माल पडून राहत नाही.
- नुसतं रेटिंग नको, अलीकडचे रिव्ह्यू वाचा.
- बिल टेबलावरच तपासा.

आणि घराजवळची एक जागा कायमची धरा. वेटर ओळखायला लागला की आज काय घेऊ नका तेही हळूच सांगतो, हे कुठल्या रिव्ह्यूत मिळत नाही. महागड्या टेस्टिंग मेनूचं, म्हणजे शेफच ठरवून एकामागून एक थोडे थोडे पदार्थ वाढतो त्या जेवणाचं, नंतर बघू.