डीएनए शिकायचाय? आधी पेन्सिल घे

एन्झाइमांची नावं घोकणं आधी थांबव. हेलिकेज, लायगेज महिनाभराने आले तरी चालतील.

चौकटीच्या वहीत एक साखळी लिही: ५'-ए टी जी सी सी-३'. ए, टी, जी, सी ही बेसची, म्हणजे डीएनएच्या अक्षरांची नावं; ५' आणि ३' ही साखळीच्या दोन टोकांची. खाली जोडीदार मांड, ए समोर टी, जी समोर सी: टी ए सी जी जी. आता टोकांना आकडे घाल. इथेच बहुतेक जण चुकतात! खालची साखळी उलटी धावते. तिचं डावं टोक ३', उजवं ५'. हे हाताला बसू दे, कारण डीएनएची प्रत बनवणारं एन्झाइम, पॉलिमरेज, नवा न्यूक्लिओटाइड (साखळीची एक कडी) फक्त ३' टोकालाच जोडतं. म्हणून तर एक नवी साखळी सलग बनते आणि दुसरी तुकड्यातुकड्यांनी.

आणखी दोन चुका टाळ:

- बेस बाहेर काढू नकोस. शर्करा-फॉस्फेटचा कणा बाहेर, बेस आत.
- प्रत झाल्यावर एक रेणू जुना आणि एक कोरा करकरीत, असं नसतं. प्रत्येकात एक साखळी जुनी, एक नवी. मेसेलसन आणि स्टाल या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये जड नायट्रोजन वापरून हे दाखवलं. मला हा प्रयोग आजही फार देखणा वाटतो, तो सावकाश वाच.

रोज एक साखळी सोडव. आठवड्याने वही दाखव, तपासून देतो.